स्पेक्ट्रम इश्यू १ : रॅम बदलली तरी पुन्हा पट्ट्यांचीच स्क्रीन

तक्रार नेहमी एकाच छापाची असते. सिंक्लेअर झेडएक्स स्पेक्ट्रम हा १९८०च्या दशकातला घरगुती संगणक चालू केला की कॉपीराइटची ओळ येत नाही. पट्ट्या नाहीतर रंगीत चौकटी दिसतात. कोणीतरी सांगतं, रॅम गेली. रॅमची एक आयसी बदलली जाते, मशीन आठवडाभर बरं चालतं आणि मग ये रे माझ्या मागल्या. दुसरी आयसी, मग तिसरी. या पद्धतीने आठही आयसी बदललेली बोर्डं बघायला मिळतात आणि मूळ दोष तसाच शाबूत असतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

मशीन नंतरच्या काळातलं, लाखोंनी निघालेलं असेल तर हे एक वेळ चालून जाईल. इश्यू १, म्हणजे बोर्डाची पहिली आवृत्ती, असेल तर सोल्डरचा प्रत्येक जादा डाग त्या बोर्डाचं आयुष्य कमी करतो.

आधी मशीन ओळखा. २३ एप्रिल १९८२ ला स्पेक्ट्रम जाहीर झाला तेव्हा १६के (१६ किलोबाइट रॅमचा) १२५ पौंडांना होता, ४८के १७५ ला. अगदी सुरुवातीच्या या मशिन्सच्या रबरी कळा फिकट करड्या आहेत, नंतरच्यांच्या निळसर झाक असलेल्या. आत बोर्डावर 'इश्यू वन' छापलेलं असतं. ४८के असेल तर वरची ३२के रॅम मुख्य बोर्डावर नसते, मधे खोचलेल्या वेगळ्या छोट्या बोर्डावर असते. इश्यू २ पासून ती मुख्य बोर्डावरच आली. आणि बहुतेक इश्यू १ बोर्डांवर एक विचित्र प्रकार दिसतो : १४ पायांची एक आयसी उताणी चिकटवलेली, पाय वर, त्या पायांना बारीक तारा. संग्राहक तिला 'मेलेलं झुरळ' म्हणतात. ती ७४एलएस०० आहे. फेरांटी कंपनीने बनवलेल्या यूएलएच्या (स्क्रीनचं चित्र सांभाळणाऱ्या खास चिपच्या) पहिल्या आवृत्तीत चूक राहिली होती, ती उघडकीला आली तोवर चिप तयार होऊन आल्या होत्या, मग ही चार गेटांची स्वस्त आयसी वरून बसवून निभावून नेलं. हे कारखान्यातलंच काम आहे. मागच्या मालकाने केलेला जुगाड समजून ते काढणारे लोक आहेत, म्हणून इतकं ठासून सांगतो. झुरळ काढलंत तर मशीन बिघडेल ते बिघडेलच, शिवाय हे बोर्ड जपण्याचं अर्धं कारणही जाईल.

खराखुरा प्रोटोटाइप पाहायचा असेल तर तो केंब्रिजच्या सेंटर फॉर कम्प्युटिंग हिस्टरी या संग्रहालयात आहे. रॉम (मशीनमधला कायमचा प्रोग्राम) लिहिणाऱ्या नाइन टाइल्स कंपनीकडे तो इतकी वर्षं होता. आपल्यासारख्यांच्या हाताला लागू शकेल असं त्याच्या सर्वांत जवळचं हार्डवेअर म्हणजे इश्यू १. डिझाइन पुरतं स्थिरावायच्या आतच दुकानात गेलेलं मशीन. त्यामुळे दुरुस्तीत माझा नियम एकच : जे करू ते उलटवता आलं पाहिजे.

आता मूळ मुद्दा. स्पेक्ट्रमची खालची १६के रॅम ४११६ जातीच्या आठ आयसींची आहे. ही १९७०च्या दशकातली डायनॅमिक रॅम. तिला अधिक ५, अधिक १२ आणि उणे ५ असे तीन व्होल्टेज लागतात. ॲडॉप्टर मात्र फक्त ९ व्होल्ट देतो. पाच व्होल्ट ७८०५ रेग्युलेटर काढून देतो. तोच तो मोठ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर बसलेला, ज्याच्यामुळे कीबोर्डाची एक बाजू गरम लागते. उरलेले दोन व्होल्टेज बोर्डावरचा एक छोटा कन्व्हर्टर तयार करतो : एक कॉइल, ती वेगाने चालू-बंद करणारा टीआर४ हा झेडटीएक्स६५० ट्रान्झिस्टर आणि त्याच्यावर लगाम ठेवणारा टीआर५. याच धडधडीतून एकीकडे १२ व्होल्ट वर चढवले जातात, दुसरीकडे डायोड-झेनरच्या मदतीने उणे ५ मिळतात.

हा टीआर४ निकामी झाला की काय होतं ते नीट बघा, कारण सगळी मेख इथेच आहे. धडधड थांबते, पण ९ व्होल्ट कॉइल आणि डायोडमधून तसेच पुढे जातात. म्हणजे १२ च्या जागी साधारण आठ-नऊ व्होल्ट दिसतात आणि उणे ५ च्या जागी शून्य. ४११६ ला उणे ५ व्होल्ट लागतात ते तिच्या सिलिकॉनच्या पायाला बायस द्यायला. तो बायस नसताना वरून व्होल्टेज येत राहिलं तर आयसी भलताच करंट ओढते, तापते आणि हळूहळू मरते. डेटाशीटमध्येच म्हटलंय की उणे ५ सगळ्यांत आधी यायला हवेत आणि सगळ्यांत शेवटी जायला हवेत.

उलटंही तितकंच घडतं. एखादी ४११६ आतून शॉर्ट झाली की ती १२ व्होल्टची किंवा उणे ५ची लाइन खाली खेचते, कन्व्हर्टरवर भार पडतो आणि टीआर४ जळतो. म्हणजे ट्रान्झिस्टर रॅम मारतो आणि रॅम ट्रान्झिस्टर मारते. तुम्ही नवी रॅम घालता, कन्व्हर्टर अर्धमेलाच असतो, नवी रॅम जाते. मग नवा ट्रान्झिस्टर घालता, शॉर्ट झालेली आयसी अजून बोर्डावरच असते, तो जातो. दोन्ही बाजू तपासल्याशिवाय हे चक्र तुटत नाही.

सुरुवात ॲडॉप्टरपासून करा. स्पेक्ट्रमच्या पिनमध्ये आतला भाग ऋण असतो आणि बाहेरचा धन. आपल्याकडे दुकानात मिळणारे बहुतेक ९ व्होल्टचे ॲडॉप्टर याच्या बरोबर उलट. पिन आत छान बसते, म्हणून लोक फसतात. लामिंग्टन रोडवर असो की पुण्यात पासोड्या विठोबापाशी, ॲडॉप्टर घेतलात की पिनची ध्रुवता मल्टिमीटरवर स्वतः बघा, लेबलावर विसंबू नका. मूळचा जुना ॲडॉप्टर बिनभाराचा १२-१३ व्होल्ट दाखवतो; तो रेग्युलेटेड नसल्यामुळे तसं दिसणं स्वाभाविक आहे, बिघाड नव्हे. तरी माझी पसंती चांगल्या, स्थिर ९ व्होल्ट २ अँपिअरच्या सप्लायला, ध्रुवता बदलून घेतलेल्या. ७८०५ ला कमी तापावं लागतं. बेंच सप्लाय असेल तर त्याहून उत्तम, करंटची मर्यादा एक अँपिअरच्या आसपास ठेवा.

केस उघडताना वरचा भाग झटक्यात उचलू नका. कीबोर्डाच्या मेम्ब्रेनच्या (कळांखालच्या पातळ प्लॅस्टिकच्या पडद्याच्या) दोन पट्ट्या बोर्डावरच्या सॉकेटांत गेलेल्या असतात आणि चाळीस वर्षांनी त्यांचं प्लॅस्टिक पापडासारखं कडकडीत झालेलं असतं. तुटली तर नवीन मेम्ब्रेन मिळते, एवढीच त्यातली समाधानाची बाब. मेम्ब्रेनवाचून मशीन सुरू होतं, तेव्हा तपासणी होईपर्यंत पट्ट्या बाहेरच राहू द्या.

पहिली मोजणी सप्लाय पूर्ण काढून, थंड बोर्डावर. इथे ४११६ चे पाय लक्षात ठेवा : १ नंबर उणे ५, ८ नंबर अधिक १२, ९ नंबर अधिक ५ आणि १६ नंबर जमीन. नेहमीच्या ७४ मालिकेत कोपऱ्यातला शेवटचा पाय सप्लाय असतो, इथे तो ग्राउंड आहे. हाताला सवय असते म्हणून काळी पिन ८ नंबरवर जाऊन बसते आणि मग सगळं वाचनच उलटंपालटं. ओहममध्ये तीन जोड्या बघा : १२ ते ग्राउंड, उणे ५ ते ग्राउंड, आणि १२ ते उणे ५. ही तिसरी जोडी लोक विसरतात, आणि ४११६ मध्ये ती शॉर्ट झालेली हमखास सापडते. दोन्ही दिशांनी मोजा. आकडा किती यावा हे बोर्डागणिक बदलतं, पण शून्याजवळचे चार-दोन ओहम कुठेही दिसले तर मशीन चालू करायचं नाही. आधी शॉर्ट शोधायचा.

शॉर्ट नसेल तर चालू करा आणि लगेच तीनही व्होल्टेज रॅमच्या पायांवरच घ्या, कन्व्हर्टरपाशी नको. ४.५ ते ५.५, १०.८ ते १३.२ आणि उणे ४.५ ते उणे ५.५ ही आयसीची सहनशक्ती. आठ-नऊ आणि शून्य अशी जोडी दिसली की प्लग तत्काळ ओढा, 'जरा स्क्रीन तरी बघू' म्हणून थांबू नका. दोष टीआर४ किंवा त्याच्या आसपास आहे आणि प्रत्येक सेकंद रॅमच्या जिवावर चालला आहे.

टीआर४ काढून बाहेर तपासा, सोबत टीआर५ पण. कॉइलच्या तारांची सलगता बघा. टीआर४ शॉर्ट होऊन मेला असेल तर कॉइलचं इनॅमल काळवंडलेलं असतं, वासही येतो. बदली ट्रान्झिस्टर झेडटीएक्स६५० किंवा ६५१ घ्या. दुकानदार 'चालेल हो' म्हणून भलताच एनपीएन ट्रान्झिस्टर हातात ठेवेल, तो घेऊ नका : झेडटीएक्सच्या पायांचा क्रम कलेक्टर, बेस, एमिटर असा आहे आणि इतरांचा बऱ्याचदा वेगळा. शिवाय या जागी चटकन चालू-बंद होणारा आणि दोन अँपिअर सहज सोसणारा ट्रान्झिस्टर लागतो. आणखी एक. इंटरनेटवर मिळणाऱ्या बहुतेक आकृत्या इश्यू २ आणि ३ च्या आहेत. सुट्या भागांचे क्रमांक इश्यू १ शी जुळतीलच असं धरून डाग उचलू नका, आधी ट्रॅकचा डोळ्याने माग घेत जा.

तीनही व्होल्टेज जागेवर आले की मगच रॅमकडे वळायचं. आणि इथे स्क्रीन बरंच काही सांगते, फक्त ती वाचता आली पाहिजे.

स्पेक्ट्रम सुरू होताना रॉम अगदी पहिल्या काही आज्ञांमध्येच बॉर्डर (चित्राभोवतीची कड) पांढरी करतो, आणि त्यासाठी त्याला रॅम लागत नाही. म्हणून मधला भाग कितीही भकास दिसला तरी बॉर्डर पांढरी असेल तर प्रोसेसर जिवंत आहे, रॉम वाचली जाते आहे, यूएलए ऐकतो आहे. दुर्मिळ आणि महाग गोष्टी वाचल्या म्हणून सुस्कारा सोडा. त्यानंतर रॉम सगळ्या रॅममध्ये २ हा आकडा भरतो आणि खालून वर जात प्रत्येक बाइट दोनदा एकने कमी करून बघतो : दुसऱ्या खेपेला शून्य आलं तर बाइट चांगला. निरोगी मशीनवर तेवढा क्षणभर काळ्या स्क्रीनवर बारीक लाल उभ्या रेघा दिसतात, कारण रंगांच्या बाइटमध्ये २ म्हणजे काळ्यावर लाल आणि चित्राच्या बाइटमध्ये २ म्हणजे आठातला एक ठिपका. ही चाचणी १६३८४ या पत्त्यापासून वर चढते आणि तिथेच तर स्क्रीनची मेमरी आहे. म्हणून खालच्या रॅमचा दोष डोळ्यांना दिसतो.

एका आयसीत एकच बिट राहतं. ती आयसी अडकली की दर आठ ठिपक्यांनी तीच उभी रेघ, सबंध स्क्रीनभर. रंगांच्या बाइटांतही तेच बिट बिघडतं, आणि त्यावरून कोणतं ते ओळखू येतं. सबंध स्क्रीन उघडझाप करते आहे? सातवं बिट १ वर अडकलंय, कारण तेच बिट फ्लॅशचं. सगळं भडक झालंय? सहावं बिट, ब्राइटचं. पाच ते तीन पार्श्वभूमीचा रंग, दोन ते शून्य अक्षराचा. एकाहून जास्त आयसी गेल्या असतील तर चित्र इतकं स्वच्छ मिळत नाही. तेव्हा एज कनेक्टरवर (मशीनच्या मागच्या उघड्या पट्टीवर) लावायची डायग्नोस्टिक रॉम मिळते ती वापरा. खालची रॅम मेलेली असली तरी ती चालते आणि दोषी बिट नावानिशी सांगते. लावताना आणि काढताना मशीन बंद. पूर्ण बंद.

बिटवरून आयसी ठरवताना ओळीने शून्य ते सात असं गृहीत न धरता मीटरने पक्कं करा. आयसीच्या १४ नंबरच्या पायावरून डेटा बाहेर पडतो, तो ४७० ओहमच्या एका रेझिस्टरमधून प्रोसेसरच्या त्याच बिटाच्या पायाला पोचतो. रेझिस्टर मधे असल्यामुळे बझर वाजणार नाही, ओहमवर बघा.

बोट लावून बघायची जुनी रीतही वाईट नाही. ४११६ सगळ्याच कोमट होतात. एखादी बोट ठेववत नाही इतकी तापली असेल तर तीच. चांगली आयसी मेलेलीच्या पाठीवर बसवून बघायची युक्ती मात्र भरवशाची नाही. मेलेली आयसी गप्प झाली असेल तर वरची बोलते, पण तिने लाइन अडवून धरली असेल तर वरचीही हतबल.

काढताना आयसी वाचवायचा मोह सोडा. ती मेलेलीच आहे. पाय अंगापाशी बारीक कटरने कापा, धड बाजूला करा आणि एकेक पाय चिमट्याने धरून, थोडं ताजं सोल्डर लावून वर घ्या. या बोर्डाचे ट्रॅक नाजूक आहेत आणि पॅड लवकर सुटतात. एक पाय हट्टाला पेटला तर थांबा, उष्णता वाढवू नका. जागी गोल पिनांचं चांगलं सॉकेट बसवा. काढलेलं प्रेत पाकिटात घालून वर जागा लिहून ठेवा. आयसीवरचा चार आकडी तारीख-कोड, म्हणजे ८२ साल आणि पुढे आठवडा, पुढच्या मालकाला बोर्डाचा इतिहास सांगतो. बदली आयसी १५० नॅनोसेकंदांच्या घ्या. ४११६ आता नव्या बनत नाहीत, जे मिळतं ते जुनं पडून राहिलेलं नाहीतर दुसऱ्या बोर्डावरून उतरवलेलं. म्हणून दोन-चार जास्तीच्या घेऊन ठेवा.

४११६ च्या जागी ४१६४ घालून उणे ५ आणि १२ ची कटकटच संपवावी असा सल्ला सतत दिला जातो. तांत्रिकदृष्ट्या तो बरोबर आहे : ४१६४ ला नुसते ५ व्होल्ट पुरतात. पण तिचा ५ व्होल्टचा पाय ८ नंबर आहे, जिथे बोर्ड १२ देतं. म्हणजे ट्रॅक कापा किंवा पाय वाकवून जोडा. ट्रॅक कापायला माझा ठाम नकार, इश्यू १ वर तर नकोच. शिवाय १२ व्होल्ट रंगीत चित्र तयार करणाऱ्या एलएम१८८९ ला लागतातच, तेव्हा कन्व्हर्टर दुरुस्त करण्यावाचून सुटका नाही. सॉकेटात बसणारं, वायर न कापता काढता येईल असं तयार मॉड्यूल असेल तर गोष्ट वेगळी.

सगळं जमलं आणि तरी महिन्याभराने परत तेच झालं तर मी तीन ठिकाणी संशय घेतो. पहिला एज कनेक्टर. मागच्या उघड्या पट्टीवर ९, १२ आणि ऋण व्होल्टेज लॉजिकच्या लाइनींना खेटून आहेत. चालू मशीनला इंटरफेस लावला, काढला, किंवा जॉयस्टिक खेचताना तो किंचित तिरका झाला, की टीआर४ आणि पाठोपाठ रॅम. मशीन बरोबर होतं पण 'खेळता खेळता गेलं' असं कोणी म्हणालं की मला आधी हेच सुचतं. दुसरा संशयित पॉवरचं सॉकेट. स्पेक्ट्रमला ना स्विच ना रीसेट; चाळीस वर्षं लोक प्लग उपसून रीसेट करत आलेत. सॉकेट सैल झालं की सप्लाय थरथरतो, कन्व्हर्टर क्षणाक्षणाला बंद-चालू होतो आणि उणे ५ आधी यायला हवेत हा नियम दर वेळी मोडतो. प्लग हलवून उणे ५ वर मीटर ठेवा, काटा नाचला तर सॉकेट बदला. आणि वायरीवर एक स्विच लावा, मशीनला भोक न पाडता. तिसरे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर. मीटरवर १२ बरोबर दिसतात पण त्यावर तरंग असतो, तो ऑसिलोस्कोपवरच कळतो. बदलायचे तर सगळे एकदम बदला, ध्रुवतेचा फोटो काढून, जुने पाकिटात.

आपल्याकडे 'स्पेक्ट्रम' म्हणून जे हाती येतं त्यात पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सचा डीबी स्पेक्ट्रमही असतो. तो परवान्याने विकला गेलेला स्पेक्ट्रम प्लस; त्याचं बोर्ड नंतरच्या इश्यूचं, झुरळ नाही. पण ४११६ आणि कन्व्हर्टर हीच जोडगोळी तिथेही आहे, त्यामुळे व्होल्टेजचं सगळं वर लिहिल्याप्रमाणेच.

चित्रच येत नसेल तर रॅमला दोष देण्याआधी टीव्ही बघा : मशीनचा आरएफ सिग्नल यूएचएफ चॅनल ३६ वर येतो, फक्त व्हीएचएफ ट्यूनर असलेल्या जुन्या टीव्हीवर तो सापडणारच नाही. रंग सरकलेले असतील तर इश्यू १ वर त्यासाठी दोन व्हेरिएबल रेझिस्टर आणि दोन ट्रिमर आहेत. त्यांना सगळ्यांत शेवटी हात लावा, आधीची जागा मार्करने खूण करून.

कॉपीराइटची ओळ आली की बेसिकमध्ये PRINT म्हणून २३७३२ चा PEEK अधिक २५६ गुणिले २३७३३ चा PEEK काढा. हा मशीनला सापडलेल्या रॅमचा शेवटचा पत्ता : १६के मशीनवर ३२७६७ यायला हवेत, ४८के वर ६५५३५. ४८के मशीन ३२७६७ वर थांबलं तर खालची रॅम ठीक आहे. वरचं छोटं बोर्ड काढून त्याच्या पिना साफ करून पुन्हा बसवा. मग तासभर चालू ठेवा आणि गरम असतानाच रॅमच्या १ आणि ८ नंबरच्या पायांवर व्होल्टेज परत मोजा.